तुमाला कवा सोडलं?

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे, लिहायला मात्र पहिल्यांदाच बसले. आधीच सांगते – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. ठेवणाऱ्यांना हसणाऱ्यातली होते. आमचं घर मूळचं पोशीरचं, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं. अंगात येणं, उतारा, बाधा असला शब्द जरी कानावर पडला तरी बाबा जेवता जेवता हात थांबवायचे आणि बोलणाऱ्याची उलटतपासणी घ्यायचे. लग्न होऊन नेरळला आले, तर नवराही – मिलिंद – त्याच माळेतला. त्यामुळे हे सगळं लिहून काढायला मला इतका वेळ लागला. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना विचारूनच लिहिते. नावं तेवढी बदलली आहेत.

जागा आधी सांगते. कर्जतहून चौककडे जाणारा रस्ता बऱ्याच जणांच्या पायाखालचा असेल. कर्जत तालुका संपून खालापूर लागतो, त्याच्या आसपास एक कच्ची वाट आत जाते. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मग आंब्याची कलमं, आणि टोकाला एक बैठा बंगला. लाल कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. पडवीत उभं राहिलं की इर्शाळगडाचा सुळका समोर दिसतो. विकेंडवाल्यांना अगदी हवा असतो तसला व्ह्यू.

माझा धंदा तोच. मुंबई-ठाण्याच्या लोकांचे बंगले इकडे बंद पडून असतात, ते मी सांभाळते. साफसफाई, चादरी, जेवण, बुकिंग... सगळं. माझ्या हाताखाली चार-पाच बायका आहेत. त्यातली सगळ्यात जुनी चांगुणा, वरच्या ठाकरवाडीतली. बोलायला एकदम कमी.

हा बंगला मुलुंडच्या एका मॅडमनी विकत घेतला आणि जानेवारीत मला किल्ल्या दिल्या. शेतांत वालाला शेंगा लागल्या होत्या, म्हणजे पोपटीचा सीझन. मडक्यात शेंगा भाजून खायला इकडे लांबून लोक येतात. मॅडमना तेवढ्यात बंगला सुरू करायचा होता. मीही उत्साहात होते, एवढी मोठी जागा पहिल्यांदाच मिळालेली.

स्वयंपाकघराच्या मागे एक बोळ आणि बोळाच्या शेवटी एक खोली होती. तिला भलंमोठं कुलूप. किल्ली जुन्या मालकाकडेही नव्हती. तो दादरचा म्हातारा गृहस्थ, कधी फिरकलेलाच नाही. एजंटामार्फत भाड्याने दिलेला बंगला.

"हितं सर्वेवाले ऱ्हायचे," चांगुणा म्हणाली. "लॉकडाऊनच्या आधी. काळ्या काचांची गाडी व्हती."

"कसला सर्वे?"

"काय ठावं. रेल्वेचा म्हणायचे. पन रेल्वेचे सर्वेवाले आमच्या वाडीत पाणी प्याया यायचे, हे कधी नाय आले. कामाला बाई नाय, दूध नाय, काय नाय. आन एक दिवस गेलेच. चुलीवरचा भात तसाच ठेवून."

तेव्हा पनवेल-कर्जतच्या नव्या लाईनची मोजणी जोरात होती. सर्वेवाले गल्लोगल्ली फिरत होते, कोण कुणाला विचारणार? मीही पुढे काही विचारलं नाही.

सुताराकडून कुलूप तोडून घेतलं. आत काही नव्हतं. पूर्ण रिकामी खोली. फक्त काही गोष्टी विचित्र होत्या. बाहेरून त्या खोलीला खिडकी दिसायची, तावदानांसकट. आतून मात्र तिथे सरळ भिंत होती, विटा रचून प्लास्टर केलेली. भिंतींवर डिंकाचे डाग आणि थर्माकोलचे तुकडे चिकटलेले, जणू कुणी आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सगळं लिंपून घेतलं होतं. दाराला आतून कडी नाही, मूठसुद्धा नाही. आणि दारात बघायचं भिंग असतं ना, ते उलटं बसवलेलं – बाहेरच्याला आतलं दिसेल असं. दाराच्या आतल्या बाजूला छातीच्या उंचीवर रंगाचे पोपडे निघून लाकूड उघडं पडलं होतं.

सुतार त्यावर हात फिरवून म्हणाला, "ताई, आतनं कुणीतरी लय हाणलंय याला."

मला कुत्रा कोंडला असेल असं वाटलं. म्हणजे, तसं वाटून घेतलं. मॅडमना फोटो पाठवले, त्या म्हणाल्या, ते भयाण दार काढूनच टाका, तिथे चादरी-टॉवेल ठेवायला फळ्या मारू, पुढे पडदा लावू. सुताराने दार बिजागऱ्यांतून काढलं आणि मागे विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलं. हे मी स्वतः उभं राहून करून घेतलं. त्यानंतर त्या खोलीला दार नव्हतं. नुसती चौकट होती. हे नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं वाचताना मला वेड्यात काढाल ते पूर्ण विचारांती काढाल.

पहिले पाहुणे यायच्या दोन दिवस आधीची दुपार. ऊन चांगलं कडक होतं. चांगुणा बोळात उशांना अभ्रे घालत बसली होती. मी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन त्या खोलीत गेले, फळीवर ठेवला आणि वळले.

वळले ती कपाळमोक्ष झाला. समोर लाकूड होतं.

पहिल्यांदा अंधार लक्षात आला की शांतता, ते आता सांगता येणार नाही. चांगुणाच्या बांगड्या वाजत होत्या, त्या वाजायच्या थांबल्या. बाहेर कोतवाल पक्षी ओरडत होता, तो थांबला. मी हाताने चाचपलं. दार. वरून खालपर्यंत दार. मूठ नाही, कडी नाही. डिंकाचा उग्र वास, चपला चिकटवतात तसला. माझा फोन पडवीत राहिला होता.

"चांगुणा!" मी हाक मारली. माझा आवाज माझ्याच तोंडाजवळ पडला, पुढे गेलाच नाही.

"बसा," दाराबाहेरून कुणीतरी म्हणालं. "घाबरायचं काही कारण नाही. नाव सांगा."

पुरुषाचा आवाज. शहरी, शांत, बँकेत काउंटरवरचा माणूस बोलतो तसा. मला वाटलं, चोर शिरलाय.

"कोण आहे? दार उघडा आधी!"

"नाव सांगा, मग उघडतो."

मी नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, नेरळचा पत्ता, सगळं. मग तोच आवाज, तसाच सौम्य.

"हे नाव नको. खरं नाव सांगा."

"हेच खरं आहे!"

"पाणी हवंय का?"

हो म्हटलं. घसा खरंच सुकला होता. पाणी आलं नाही. पावलं गेली नाहीत, आली नाहीत. मग पुन्हा – "बसा. घाबरायचं काही कारण नाही. नाव सांगा."

आणि हे चालूच राहिलं. तेच शब्द, तेवढेच थांबे. मी ओरडले, रडले, शिव्यासुद्धा दिल्या. त्याच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. इथे तर मी काहीही सांगितलं तरी ते खोटंच ठरणार, हे आधीच ठरलेलं होतं. शेवटी शेवटी माझं नाव मलाच परकं वाटायला लागलं. सुजाता, सुजाता म्हणत होते आणि त्याचा अर्थच जात चालला होता. याला हवं ते नाव देऊन टाकावं, कुठलंही, म्हणजे संपेल तरी... इथपर्यंत मी आले होते. हे मी मिलिंदलाही फार उशिरा सांगितलं.

मग खाली, भिंतीशी, कुणीतरी श्वास घेतला.

श्वास पुन्हा आला. जमिनीवर बसलेल्या माणसाचा, नाक चोंदलेलं असताना येतो तसा.

"ताई," तो कुजबुजला. "त्यांना सांगा ना. मी दत्ता. लोधिवलीचा दत्ता हाय मी. लादी बसवतो. माझा ऐकत नायत ते."

मला भीती वाटायला हवी होती. पण तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मला इतका आधार वाटला! आत अजून एक माणूस होता आणि त्याचीही तीच गत होती. मी दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली. "अहो, हा दत्ता आहे! लोधिवलीचा! लादी बसवतो! खरं सांगतोय तो, सोडा त्याला!" किती वेळ बडवत होते, माहीत नाही. बाहेरचा आवाज बंद झाला होता, तरी मी बडवत होते.

कुणीतरी माझं मनगट धरून ओढलं आणि मी बोळात उजेडात येऊन पडले. चांगुणा होती.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते. "मी उशी उचलाया खाली वाकले. वर बघते तं तुमी चौकटीत उभ्या. डोळं उघडं, पन बघत नव्हत्या. दोन्ही हात हवेत हाणत व्हत्या. समोर काय नाय, आन आवाज येत व्हता. लाकडावर हाणल्यावानी."

"तू मला ओढलंस तेव्हा दार लागलं हाताला?"

"नाय. हात सरळ आत गेला."

ती खाली वाकून वर बघते, एवढाच वेळ. माझ्या मुठींची कातडी सोलवटलेली होती. दार मागे विहिरीपाशी, होतं तिथेच होतं. मी जाऊन बघून आले.

मिलिंद मला न्यायला आला, नेरळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बीपी बघितलं, पॅनिक अटॅक म्हणाले, गोळ्या दिल्या. मला ते पटलं. मनापासून पटलं. ऊन, दगदग, पहिल्या बुकिंगचं टेन्शन. मुठी चौकटीवर आपटल्या असतील. चांगुणा घाबरून काहीतरी बोलली असेल. फक्त रात्री जेवताना मी मिलिंदला त्या दत्ताबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला, "मग लोधिवली कुठे लांब आहे? जाऊन विचार. असा कुणी नसणार. नाही म्हटलं की तुझ्या डोक्यातून जाईल."

दुसऱ्या दिवशी मी तेवढ्यासाठीच गेले. तो नाही, हे ऐकायला.

लोधिवलीत जुन्या हायवेवर एका हार्डवेअरच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "लादीवाला दत्ता ना? आहे की. पण तो आता बाहेरची कामं घेत नाही. डोक्यानं जरा..." आणि घर दाखवलं.

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं का, असा विचार अजूनही येतो.

घराच्या अंगणात एक बाई सुपात वाल पाखडत होती. ती दत्ताभाऊंची बायको, रंजना. मी आपलं काहीतरी कारण सांगितलं – नेरळहून आलेय, बंगल्यात लादीचं काम आहे. माझ्या लक्षात आलं, त्या घराच्या कुठल्याच खोलीला दार नव्हतं. सगळीकडे साड्यांचे पडदे. ओटीवर एका बाजूला अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाजूने एक माणूस धावत आला आणि पडवीच्या खांबाला धरून थांबला. चाळिशीचा असेल, केस मात्र सगळे पिकलेले.

"परत बोला," तो म्हणाला.

"काय?"

"काय पन बोला, ताई. बोला ना."

मी म्हटलं, "मी नेरळची, सुजाता..."

तो मटकन खाली बसला. मातीत. माझ्याकडे बघत राहिला आणि मग एकदम लहान मुलासारखं तोंड वाकडं करून विचारलं, "तुमाला कवा सोडलं?"

मला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. रंजनाच्या हातातलं सूप खाली पडलं होतं.

"म्हंजे ही ती?" ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू ती व्हय गं?"

मंडळी, त्या बाईच्या डोळ्यांत जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ते काय होतं ते मला तासाभराने कळलं, सगळं ऐकल्यावर.

दत्ताभाऊंनी पनवेलला एका फ्लॅटमध्ये लादी बसवली होती. भाडेकरू कोण, काय करतात, त्यांना काही माहीत नव्हतं. कामाच्या निमित्ताने दहा फोन झालेले. नंतर ते भाडेकरू गायब झाले आणि त्यांना शोधणाऱ्या लोकांच्या हाताला हा नंबर लागला. चौक फाट्यावर एक गाडी थांबली, "लादी बघायची आहे, चला" म्हणाले, आणि गाडीतच डोळ्यांवर फडकं बांधलं.

"मी म्हनायचो, मी दत्ता. ते म्हनायचे, दत्ता असं कुनी नाय, खरं नाव सांग. एकजण लय गोड बोलायचा. बसा म्हनायचा. पानी हवंय का, इचारायचा. आनायचा नाय."

पाण्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मिलिंदलाही नाही.

"आन एक दिवस ह्या ताईंचा आवाज आला. आतूनच. माझ्या जवळून. मला वाटलं, दुसऱ्या कोपऱ्यात ह्यांना पन आनून टाकलाय. मी म्हनलं, ताई, माझं नाव सांगा त्यांना. तं ह्यांनी काय दार बडवलं! काय वरडल्या! तवा ते आत आले. बॅटरी मारली असंल, फडक्यातून उजेड दिसला. मला इचारतात, बाई कोन व्हती? म्हनलं, तुमीच आनली, मला काय इचारता?"

"भाऊ," मी विचारलं, "दारावर आतून खुणा आहेत. तुम्ही पण बडवत असाल ना आधी?"

त्यांनी मनगटं पुढे केली. दोन्हींवर पांढरे वळ. "माझं हात मागं बांधलेलं व्हतं, ताई. पहिल्या दिवसापासून. मी दाराला हात नाय लावला."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या, रस्त्यावरून टेंपो जात होते, आणि मी माझ्या सोलवटलेल्या मुठींकडे बघत होते.

त्याच संध्याकाळी त्यांना बाहेर काढलं. एकाने दंड धरून जवळजवळ पळवतच नेलं असं दत्ताभाऊ सांगतात. दार बाहेरून लावलं, कुलूप घातलं, आणि कुलूप घातल्यावर आतून पुन्हा बडवण्याचा आणि बाईच्या ओरडण्याचा आवाज सुरू झाला, शब्द मात्र कळत नव्हते. दत्ताभाऊ म्हणाले, त्या ताईंना पण सोडा. एकाने दुसऱ्याला विचारलं, "आत कोण आहे?" दुसरा म्हणाला, "कुणी नाही. चल तू." हायवेला आणून उतरवलं, फडकं काढलं, आणि सांगितलं, चूक झाली, घरी जा, कुठे बोलायचं नाही.

"गाडी चालू झाली तरी ऐकाया येत व्हता तो आवाज," ते म्हणाले. "मी भाईर, आन तुमी आत. मी काय करू?"

पोलीस ठाण्यात तोवर रंजनाला सांगितलं गेलं होतं, "वरचं प्रकरण आहे, शोधू नका, येईल." गावाने आपलं उत्तर आधीच काढलेलं: दुसरी बाई ठेवली असेल. आणि नवरा घरी आला तो हेच बडबडत, "ती बाई आत राहिली, तिला सोडवायला पाहिजे." तिला काय वाटलं असेल? ते रोज उठून तिला शोधायला जायचे. कुठला बंगला, माहीत नाही. कर्जत-खालापूरमधल्या बंगल्यांच्या गेटांतून डोकवायचे, दोनदा चोर म्हणून मार खाल्ला. कामं गेली. रंजना दोनदा माहेरी जाऊन परत आली. इतकी वर्षं ती माझा राग राग करत होती. माझा. मी तर तेव्हा नेरळला पोराचा डबा भरत असेन.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. दार नसलेली खोली, चांगुणा, सगळं. दत्ताभाऊ लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "चांगुणाबाईनं ओढल्यावर तुमी थांबल्या ना बडवायच्या?"

"हो. लगेच."

"मंग मी निघालो तवा आतून कोन बडवत व्हतं?"



पाहुण्यांचं बुकिंग मी रद्द केलं. मॅडमना सांगितलं, मागच्या खोलीत ओल आहे, बुजवलेली खिडकी फोडून घेऊ. त्या हो म्हणाल्या. दोन-तीन दिवसांनी मिलिंद आपल्या इको गाडीतून दत्ताभाऊ आणि रंजनाला घेऊन आला. मिलिंदचा चेहरा असा की एकदाचं होऊन जाऊ दे. त्याचा अजूनही विश्वास नाही, तो म्हणतो मी कुठेतरी दत्ताचं प्रकरण ऐकलं असणार. असेलही. मला आठवत नाही.

दत्ताभाऊंनी चपला काढल्या, बोळातून अनवाणी गेले आणि चौकटीशी थांबले. आत एक पाय टाकून अंगठ्याने फरशी चाचपली. "हीच. सांधा वर आलाय. मी म्हनायचो, कुनी बसवली ही लादी, असा कोन बसवतं..." आणि हसले. मग पाय मागे घेतला. आत ते गेले नाहीत. बाहेरच्या बाजूने गेले, तावदानं काढली आणि छिन्नी-हातोड्याने भिंत फोडायला घेतली. मिलिंद मदतीला लागला. मी, रंजना आणि चांगुणा, आम्ही तिघी बोळात. प्लास्टर पडायला लागलं, मग एक वीट आत आली आणि उजेडाचा पट्टा फरशीवर पडला. मग मोठं भगदाड. धुरळ्यातून मागची विहीर दिसायला लागली.

भिंत निघाली तसे दत्ताभाऊ हातोडा खाली टाकून नुसते उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलत होते. पण बोलली रंजना. चौकटीला हात लावून, रिकाम्या खोलीत बघून, शेजारणीला हाक मारावी तशी.

"ये गं बाई भाईर. झालं आता. तुझ्यामुळं माझा माणूस घरी आला आन मी तुला शिव्या देत बसले. दार नाय आता, बघ. ये. ये गं."

मी तिच्या शेजारीच उभी होते. ती मला बोलवत होती आणि मी बाहेर होते. कुणी आपल्याला हाक मारावी, आपल्याला 'ओ' द्यावीशी वाटावी आणि ती आपण द्यायची नाही हे कळावं... मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. मी तोंड दाबून धरलं.

काही झालं नाही. वारा आला नाही, आवाज आला नाही. सिनेमातलं काही झालं नाही. एवढंच झालं की बोळात माझ्यामागे उभी असलेली चांगुणा भिंतीला पाठ लावून बाजूला सरकली. आपण अरुंद जागेत दुसऱ्याला जायला वाट देतो तशी.

"काय गं?" मी विचारलं.

"काय नाय. वाट दिली."

"कुणाला?"

तिने पडवीच्या दिशेने बघितलं. "दिसलं काय नाय, ताई. पन सरकले."

बंगला आता चालतो. खिडकीतून ऊन येतं, चादरींना छान वास लागतो. पाहुण्यांची कधी तक्रार नाही. दत्ताभाऊ पुन्हा लादीची कामं घ्यायला लागलेत, लांबची नाही, पण घेतात. बंगल्यांची गेटं धुंडाळत हिंडणं बंद झालंय. रंजना दिवाळीला फराळ घेऊन आली होती.

मी मात्र न्हाणीघराची कडी लावू शकत नाही. मिलिंद बाहेर उभा राहतो. कधी कधी एकटी असताना कुणी नाव विचारलं – कुरिअरवाला, बँकेतला फोन – तर क्षणभर माझी जीभ अडते. हे का होतं, आणि ती आत राहिलेली बाई मी होते का, आणि आता ती बाहेर आली की नाही, यातल्या कशाचंही उत्तर माझ्याकडे नाही. ते लोक कोण होते, हे विचारायला दत्ताभाऊंचा भाचा दोन-तीन ऑफिसांत जाऊन आला. असं काही घडलेलंच नाही, असं सगळीकडे त्याला सांगण्यात आलं.

म्हणून इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी तेव्हा सर्वेवाला म्हणून त्या बंगल्यात राहिलेला असेल, तर तुम्हाला कुणी काही करणार नाही. तुमचं नाव मला नको. तुम्ही कुलूप लावून निघालात, तेव्हा आतून जी बाई ओरडत होती, ती नेमकं काय म्हणत होती, एवढंच सांगा.